दुकानाची माळ

बबन, तुझ्या दहाव्याला मी आलो नाही.

तिरडीला खांदा दिला होता मी. तुझ्या भावाच्या मागोमाग स्मशानापर्यंत चाललो. पुढचे आठ दिवस तुझ्या दारातल्या सतरंजीवर बसून आल्यागेल्याला तू किती चांगला होतास ते सांगत राहिलो. आणि दहाव्याच्या सकाळी, सगळं गाव नदीवर गेलं तेव्हा, मी घराला आतून कडी लावून बसलो. लोक विचारतात, "दत्ता, बरं न्हवतं का रं?" मी सांगतो, ताप आला होता. तुझ्यापायी खोटं बोलायची वेळ माझ्यावर याआधीही आली आहे, तेव्हा ते काही जड गेलं नाही.

झालं असं की नवव्या दिवशी संध्याकाळी शकूवहिनी आल्या. तुझी ट्रंक आवरत होत्या म्हणे. तळाशी, हिवाळ्याच्या कपड्यांखाली, एक पार्सल सापडलं. त्यावर माझं नाव होतं, म्हणून त्या लगबगीनं घेऊन आल्या. "भावजी, हे तुमचं आमच्याकडंच राह्यलं हुतं. त्यांच्या लक्षात न्हाई आलं वाटतं द्यायचं." बिचाऱ्या ओशाळल्या होत्या. चहा घेतला, डोळे पुसले आणि गेल्या. त्यांना यातलं काही म्हणजे काही माहीत नाही. मी मात्र पार्सल हातात घेतलं आणि मला सगळं कळलं. तुझी साक्ष काढायची गरजच उरली नाही.

म्हणून हे लिहितोय. तू उत्तर देणार नाहीस हे मला ठाऊक आहे. होतास तेव्हाही कुठं दिलंस?

तिसरीत असल्यापासून तू दर शनिवारी बाजारातल्या आमच्या पालात, त्या कापडी तंबूच्या दुकानात, येऊन बसायचास. काष्टीचा बाजार म्हणजे बैलांचा बाजार, आणि बैल घेतला की माणूस तसाच आमच्या पालाकडे वळायचा. गोंडे, तोंडाला बांधायच्या मोरक्या, कासरे, झुली, घुंगरमाळा. नवा बैल उघड्या गळ्यानं घरी न्यायची कुणाची छाती व्हायची नाही. अण्णा गिऱ्हाईक करायचे, आई मागं बसून गोंडे वळायची, मी सुटे घुंगरू निवडायचो आणि तू नुसता बडबडायचास. अण्णा म्हणायचे, "ह्या बबन्याला पगार द्या रं, पोरगं फुकाट गिऱ्हाईक वडतंय." आणि बशीत ओतलेला चहा तुझ्याकडं सरकवायचे. मला कधी बशीत ओतून दिला नाही त्यांनी. मी पेल्यातूनच प्यायचो आणि जळायचो.

पालाच्या पुढच्या बांबूला एक घुंगरमाळ टांगलेली असायची. जाड काळ्या कातडी पट्ट्यावर एकवीस पितळी घुंगरं. अण्णांनी ती लग्नाच्या वर्षी केली. एकेक घुंगरू कानाशी धरून, हलवून, नको असलेलं बाजूला टाकून. दोन पावसाळे लागले म्हणायचे एकवीस जमवायला. ती विकायची नव्हती. नवखा कुणी विचारायला लागला की अण्णा एवढंच बोलायचे, "ती दुकानाची हाय." बाजारात प्रत्येकाची एक वस्तू तशी असते. सगळ्यात देखणी असते, सगळ्यात पुढं टांगलेली असते आणि ती मागायची नसते. ती बघून पालात शिरायचं आणि आतलं घ्यायचं. हे कुणाला शिकवावं लागत नाही. वर्षातून एकदा, पोळ्याला, ती माळ खाली उतरायची आणि आमच्या बैलाच्या गळ्यात पडायची.

त्यातलं नववं घुंगरू मुकं होतं. फार पूर्वी एका बैलानं गोठ्याच्या दगडाला मान घासली, घुंगराचं तोंड फाकलं आणि आतला खडा पडून गेला. मी अण्णांना म्हणालो होतो, दुसरं घालू. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. ईस बोलत्यात, एकानं ऐकाया नको?" तू होतास तेव्हा तिथं. हसला होतास. पण तुझ्या लक्षात राहिलं नाही ते, बबन. तिथंच तुझा घोटाळा झाला.

अण्णा गेले तेव्हा मला बाजार लावायचं सुचत नव्हतं. तू न विचारता पाल उभं केलंस. त्या शनिवारी तू एकट्यानं दिवसभर दुकान सांभाळलंस आणि सगळ्यात आधी, बांबू रोवल्या रोवल्या, माळ टांगलीस. संध्याकाळी घरी येऊन आईच्या मांडीवर ती ठेवलीस आणि म्हणालास, "मावशी, दुकान चालू हाय." आई त्या दिवशी पहिल्यांदा मोकळी रडली. हे मी विसरलो नाही. विसरता आलं असतं तर आज सोपं गेलं असतं.

आणि मग तुझ्या डोक्यात ते कॉम्प्युटरचं भूत शिरलं.

पुण्याला चुलतभावाकडे चार दिवस राहून आलास आणि एस्टीतून उतरलास तो थेट माझ्याकडं. "दत्त्या, बाजार आता कॉम्प्युटरवर भरतोय! पाल नको, बांबू नको, ऊन न्हाई, पाऊस न्हाई. एक कंपनी हाय, ती फक्त जागा देती. आपण फोटो द्यायचा. मुंबईचा मानूस मुंबईत बसून बघनार, बंगलोरचा बंगलोरात बसून." मी विचारलं, मुंबईच्या माणसाकडं बैल कुठाय? तू म्हणालास, "भितीला टांगत्यात रं ते. त्यांच्याकडं भिती लई हायेत." मी पोट धरून हसलो. तू हसला नाहीस. त्या आठवड्यात कारखान्याच्या ऑफिसातली तुझी सीझनची नोकरी तू सोडून दिलीस. वहिनींनी मला येऊन विचारलं, "भावजी, तुमीच काय सांगितलं का ह्यांना?" मी काय सांगणार? मला तर त्या यंत्राचं बटण माहीत नव्हतं.

पण खोटं कशाला बोलू, मजा आली बबन. नगरला माळीवाड्याच्या स्टँडजवळ त्या इंटरनेट कॅफेत आपण दोघं एका खुर्चीवर अर्धे अर्धे बसलो होतो. लाइन जोडताना फोनमधून ते किंचाळल्यासारखे आवाज यायचे आणि तू डोळे मिटून घ्यायचास, आरतीला उभा असल्यासारखा. पान उघडायला इतका वेळ लागायचा की तेवढ्यात मी बाहेर जाऊन पान खाऊन यायचो. हा विनोद मी प्रत्येक खेपेला करायचो आणि प्रत्येक खेपेला तू मला शिवी घालायचास.

कंपनीला फोटो हवे होते. श्रीगोंद्याच्या स्टुडिओवाल्याला बोलावलं. गोंड्यांचा एक, मोरकीचा एक, झुलीचा एक. आणि घुंगरमाळेचा? आपण दोघांनी एकमेकांकडं पाहिलं आणि एकदमच बांबूकडं हात केला. दुकान म्हटल्यावर पुढं तीच टांगायची ना! तिथं कुठं तरी बंगलोरात बसलेल्या माणसाला ती दुकानाची आहे हे कोण सांगणार, हा प्रश्न ना तुला पडला ना मला. पिढ्यान् पिढ्या न सांगता कळत होतं ते तिथंही कळेल असं आपण धरून चाललो. ही चूक दोघांची. यात मी तुला एकट्याला धरत नाही.

पहिली ऑर्डर मुंबईच्या एका बाईंची आली. दोन गोंडे, दाराला लावायला. आई म्हणाली, "दाराला? मग दार शिंगं मारंल की." आणि तरी तिनं ते दोन गोंडे मुलीच्या लग्नातल्या रुखवतासारखे मन लावून वळले. पार्सल कापडात शिवावं लागायचं, पोस्टाचा तसा नेम होता. ते काम आईनं स्वतःकडं घेतलं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण हात बघायचे तिचे. मांजरपाटाचा तुकडा, दाभण, जाड दोरा. चारी कोपऱ्यांना ती शेवटी एक फुली घालायची, दोरा सुटू नये म्हणून. मग तू लाखेची कांडी पेटवून ठसे मारायचास, तुझ्या त्या वळणदार अक्षरात पत्ता लिहायचास आणि सायकलवर घालून पोस्टात न्यायचास. पोस्टमनही पुढंपुढं आमची सगळी टपालं तुझ्याकडंच द्यायला लागला. सहीसुद्धा माझ्याऐवजी तूच ठोकायचास. मी म्हणायचो, बरं आहे, तेवढीच माझी दगदग वाचली.

तू गावभर सांगत सुटलास, "आमचं दुकान आता साऱ्या देशात." चहाच्या टपरीवर लोक तुला साहेब म्हणायला लागले. थट्टेनंच, पण तुला ते आवडायचं. मलाही आवडायचं, तुझं आवडणं बघून.

मग बंगलोरची ऑर्डर आली. घुंगरमाळ, एक. मी पंधरा दिवस बसून नवीकोरी केली, चांगलीच केली, आणि आपण पाठवली. आषाढ संपता संपता कंपनीचा कागद घेऊन तू नगरहून आलास. चेहरा पडलेला. गिऱ्हाइकाची तक्रार होती. फोटोतली वस्तू मिळाली नाही, हिचा पट्टा नवा आहे, घुंगरं चकचकीत आहेत, आम्हाला फोटोतलीच जुनी हवी. आणि कंपनीनं खाली लिहिलं होतं, आठ दिवसांत तीच वस्तू पाठवा, नाहीतर तुमचं पान काढून टाकू.

मी म्हणालो, "लिहून टाक. ती दुकानाची हाय."

"दत्त्या, त्यांना काय कळनार दुकानाची म्हंजे? त्यांच्या लेखी दुकानात टांगलंय ते समदं इकायचं."

"मग काढू दे पान."

तू कागदाची घडी घातलीस, पुन्हा उघडलीस, पुन्हा घातलीस. "मी नोकरी सोडलीय," एवढंच म्हणालास. मी म्हणालो, तुला कुणी सांगितलं होतं सोडायला? फार लागेल असं बोललो मी ते. तुझ्या मागं आज मला ते वाक्य टोचतं. पण त्या वाक्याची शिक्षा तू मला द्यायची होतीस, आईला नव्हे.

दोन दिवसांनी तू हसतमुखानं आलास. म्हणालास, समजावतो मी त्यांना, नव्या माळेचा नवा फोटो टाकू, म्हणजे पुन्हा असा घोळ नको. आणि तुलना करायला जुनी पण लागेल, दे जरा, स्टुडिओत नेऊन आणतो. मी दिली. माझ्या या हातांनी, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून. तू चार दिवसांनी परत आणलीस. मी फडकं सोडून पाहिलंसुद्धा नाही. तुझ्याकडून आलेली वस्तू तपासून घ्यायची पद्धत आपल्यात होती का कधी?

त्याच आठवड्यात तू आईकडं एक खोकं घेऊन आला होतास शिवायला. मी ओट्यावर मोरक्या पिळत होतो, मला सगळं दिसत होतं. आईनं खोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "लई जड हाय रं. काय भरलंयस यवढं गच्च?"

"गोंडे हायेत, मावशी. मोरक्या बी हायेत. चेपू नये म्हनून कापूस भरलाय."

"लांब जायचंय का?"

"बंगलोरला."

"मग दुहेरी शिवते." आणि तिनं दुहेरी दोरा घालून शिवलं. शिवता शिवता माझ्याकडं बघून म्हणाली, "बग, किती जपून भरतंय पोरगं. तू नुसतं कोंबतोस." मी म्हणालो, व्हय, तुझा लाडकाच आहे तो. तू लाख पेटवत होतास. मान वर केली नाहीस.

नंतर मी विचारलं, बंगलोरचं काय झालं? तू म्हणालास, "मिटलं." मी पुढं विचारलं नाही. आपल्यात एका शब्दावर भागायचं.

पोळ्याच्या दिवशी तू नेहमीसारखा पुरणपोळीला आलास. मी सोन्याला धुतलं, शिंगं रंगवली आणि माळ गळ्यात बांधली. त्याआधी दोन शनिवार ती माळ माझ्या डोक्यावर बांबूला टांगलेली होती आणि मला काही कळलं नव्हतं. ही माझी शरम आहे, ती मी कुठं लपवू? सोन्यानं मान झटकली. आई उंबऱ्यात आरती घेऊन उभी होती. ती थबकली.

"लई भरून वाजतीय," ती म्हणाली. ताट खाली ठेवून पुढं आली. सोन्याच्या गळ्याला हात घातला आणि अंगठ्यानं एकेक घुंगरू हलवत गेली, मण्यासारखं. सातवं वाजलं, आठवं वाजलं, नववं वाजलं. तिथं ती थांबली. पुन्हा पहिल्यापासून केलं. पुन्हा नववं वाजलं.

"दत्ता, ही आपली न्हाई. ऐकनारं कुठंय यात?"

कुठून तरी एकवीस घुंगरांची दुसरी माळ आणून तिचा पट्टा तू हुबेहूब जुना केला होतास. तेल, काजळी, सगळं. पितळेवर चिंच चोळून मग धूर दिला असशील. आमच्याच पालात बसून शिकलेली कला ती. पण नववं घुंगरू तू वाजतं घातलंस.

मी तुझ्याकडं पाहिलं. "बबन, फोटोला तूच नेलती."

"न्हेली तशीच आनली," तू म्हणालास. "मावशी, तुमाला ऐकू यायचं कमी झालंय आता." आणि आई नुसती बघत राहिली म्हणून तू पुढं झालास, सोन्याच्या पाठीवर हात ठेवलास आणि म्हणालास, "ह्या मुक्या जनावराची शप्पत. मी बदलली न्हाई."

आई म्हणाली, "शपत नको घिऊस बाबा सनाच्या दिशी. जेवाया बस." तिनं तुला वाढलं. तू जेवलास. दोन पोळ्या खाल्ल्यास, नेहमीच्या चार नाही, हे मी पाहिलं आणि तरी स्वतःला सांगितलं की बैलाच्या पाठीवर हात ठेवून बबन खोटं बोलणार नाही.

मग राहिला स्टुडिओवाला. दुसऱ्या दिवशी आपण दोघं श्रीगोंद्याला गेलो. मी त्या माणसाची कॉलर धरली. भर दुकानात, त्याच्या बायकोसमोर. तो हात जोडून सांगत होता की दादा, ही माळ माझ्याकडं आलीच नाही. खरंच सांगत होता! तू मला मागं ओढत म्हणालास, "जाऊ दे दत्त्या, गेली ती गेली." मला वाटलं, किती मोठ्या मनाचा आहेस. आता मला त्या माणसाकडं जायचं आहे. काय सांगू त्याला? तुझं नाव सांगू? वहिनींचं माहेर त्याच गावात आहे.

आता हे पार्सल.

ते माझ्या समोर आहे. बुटाच्या खोक्याएवढं. कोपऱ्याकोपऱ्याला फुली, दुहेरी टाके. लाखेचे ठसे अजून शाबूत. बंगलोरचा पत्ता तुझ्या अक्षरात, त्यावर तिथल्या पोस्टाची आडवी रेघ आणि शेरा, की राहणारे घर सोडून गेले. ज्या माणसासाठी तू हे केलंस तो माणूस तिथं राहिलाच नव्हता. खाली पाठवणाऱ्याचं नाव. ते तू माझं घातलंस. अण्णांची माळ मीच विकली, असं त्या कापडावर लिहिलेलं आहे, बबन. आणि ती परत आली तेव्हा घेणाऱ्याची सहीसुद्धा तू माझ्या नावानं केली असणार. पोस्टमनला त्यात काय नवल?

परत आल्याचा काष्टीचा शिक्का दसऱ्याच्या आधीचा आहे. पोळ्याला तू शपथ घेतलीस आणि दीड महिन्यात माळ तुझ्या दारात परत आली, कुणीही न उघडलेली. तुला दुसरी संधी मिळाली होती. असं कुणाला मिळतं? फडक्यात गुंडाळून माझ्या ओट्यावर ठेवून गेला असतास, एक अक्षर न बोलता, तरी मी विचारलं नसतं. आई म्हणाली असती, आली बाबा घरी, आणि तुला पोळी वाढली असती. पण मग शपथ खोटी ठरली असती. म्हणून तू ती ट्रंकेत घातलीस आणि वर स्वेटर ठेवलेस.

आणि कशासाठी रे? ते पान कंपनीनं काढलंच. दिवाळीनंतर कंपनीच गाशा गुंडाळून गेली. तू पुन्हा कारखान्यात चिकटलास. सगळा खेळ दीड वर्षाचा.

चोरी मी समजू शकतो. तुझी नोकरी सुटली होती, गावानं साहेब म्हटलं होतं, मी वाकडं बोललो होतो. मी तुझ्या जागी असतो तर केलं नसतं, पण समजू शकतो. मला जे समजत नाही ते माघातलं आहे.

माघात आई अंथरुणाला खिळली. वीस दिवस. तू रोज यायचास. माझ्यापेक्षा जास्त वेळ बसायचास. तिला चमच्यानं पाणी पाजलंस, कूस बदललीस, तिचं केलंस जे पोटच्या पोरानं करावं, आणि मी रात्रंदिवस तुझे उपकार मानत होतो. ती मध्येच डोळे उघडून विचारायची, "माळ सापडली का रं? ह्यांना काय सांगू म्या तिकडं गेल्यावर?" पहिल्यांदा तिनं मला विचारलं. मी मान खाली घातली. मग तिनं तुला विचारलं. तू तिचा हात हातात घेतलास आणि म्हणालास, "सापडंल मावशी. मी शोधतोय."

दोन गल्ल्या पलीकडं होती ती, बबन. चालत जाऊन यायला विडी संपली नसती. तू तिथून उठून घरी जायचास, त्या ट्रंकेच्या खोलीत झोपायचास आणि सकाळी पुन्हा येऊन तिचा हात धरायचास. कसं जमलं तुला? मी किती वेळा विचार केला, की आपण माणूस ओळखत नव्हतो का? मग आठवतं की तुझं ते पाणी पाजणं खरं होतं. तुझ्या डोळ्यांतलं पाणीही खरं होतं. मला तू सगळाच खोटा निघाला असतास तर परवडलं असतं. सुखानं तुझा राग राग केला असता.

यंदा कावीळ झाली आणि तू नगरच्या दवाखान्यात अकरा दिवस होतास. मी डबा घेऊन यायचो. आपण सगळं बोललो. शाळेचं, कॅफेतल्या किंचाळ्यांचं, मुंबईच्या बाईच्या दाराचं. शेवटच्या दिवशी तू माझं मनगट धरलंस, घट्ट, आणि म्हणालास, "दत्त्या..." मी म्हणालो, बोल. तू खिडकीकडं बघितलंस आणि म्हणालास, "सोन्या बरा हाय का?" मी म्हणालो, बरा आहे. तू मान हलवलीस. मला वाटलं, ग्लानीत आहेस. आता वाटतं, तू अगदी शुद्धीत होतास. तू त्या बैलाच्या पाठीपर्यंत आला होतास आणि तिथून परत फिरलास.

मी तुला माफ केलं असतं का? माहीत नाही. पण ते ठरवायचा हक्क तू मला दिला नाहीस. वहिनींच्या हातून पाठवलंस, तेही त्यांच्या नकळत, आणि तुझ्याही.

वहिनींना मी काही सांगणार नाही. जे काय आहे ते तुझ्या माझ्यात. सोन्या दारात बांधलेला आहे, म्हातारा झालाय. पार्सल उघडून माळ त्याच्या गळ्यात घालावी, इतकं सोपं आहे. काल मी ब्लेड घेऊन बसलो. पण उघडायचं म्हणजे ते टाके तोडायचे. घरात आईच्या हातचं आता दुसरं काही शिल्लक नाही. तिनं वळलेले गोंडे सगळे आपण विकले, साऱ्या देशात. हे एवढंच परत आलं. ब्लेड मी ठेवून दिलं.

मग पार्सल उचललं, अण्णा घुंगरू धरायचे तसं कानाशी धरलं आणि हलवलं. म्हटलं, निदान आवाज तरी ऐकावा. एकवीस घुंगरं आहेत आत. एकही वाजलं नाही. मी पुन्हा हलवलं, जोरात. काही नाही. शिवताना आईला ऐकू जाऊ नये म्हणून तू कापूस इतका गच्च भरलास, की अजून कुणाला ऐकू येत नाही.